दुसरी घागर

असोदे,
ता. ४ मे १९९४

ती. सुमनअक्का यांना भावजय बेबाबाईचा नमस्कार.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुम्ही धुळ्याला बऱ्या असाल. केळीला पाणी आहे, पण वीज नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर लावून घ्या.

तुमचे भाऊ पण बरे आहेत. असं मी गावात सगळ्यांना सांगते.

झालं असं, जळगावला पन्नाशीवरच्या पुरुषांची फुकट तपासणी होती. शेजारचे उखर्डूभाऊ म्हणाले, "चाल ना जीवराम, चहा बी देता." हे चहासाठी गेले. रात्री लघवीला उठतात, तेवढंच दुखणं. डॉक्टरने कुठून तपासलं ते लिहीत नाही, पोस्टमन वाचेल. त्या दिवसापासून हे उखर्डूभाऊंशी बोलत नव्हते. पुरुषाला खाली प्रोस्टेट म्हणून एक गाठ असते म्हणे, ती यांची फुगली आहे. साधी की कॅन्सरची, ते बघायला रक्त मुंबईला पाठवलं. मंगळवारी कळेल.

तेव्हापासून घरात मंगळवार सोडून दुसरा वार नाही. यांना शिंक आली तरी गाठीमुळे. भरीत केलं तर डोळे भरून म्हणाले, "बेबा, हे शेवटचं भरीत." मी म्हटलं, शेवटचंच, वांगी संपली आता.

परवा वना कुंभाराकडून आखाजीची घागर आणायला गेली. दरसाल अक्षय्य तृतीयेला मामंजींच्या नावाची एकच भरते, तुम्हाला माहीत आहे. यंदा दोन आणल्या. ओसरीत ठेवल्या आणि गोठ्यात गेली. येते तर हे खाटेवर, तोंड भिंतीकडे. जेवायला उठेनात. दिवेलागणीला उखर्डूभाऊ दारात उभे, उपरण्याने डोळे पुसत.

"वहिनी, डॉक्टरनं तुले एकटीले सांगितलं ना? जीवराम म्हने, तू त्याची घागर बी आनून ठेवली."

बघा अक्का! मेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, आणि हे जिवंतपणी आपली ओळखून बसले. ज्याच्याशी बोलत नव्हते त्यालाच बोलावून केळीचा बाग सोपवून मोकळे. वर निरोप काय, तर माझ्या घागरीवर खरबूज ठेवू नको, आंबा ठेव. खरबुजाने मला वात होतो.

मी अशी ओरडली की समोरच्या पुष्पाबाईची म्हैस दावं तोडायला लागली. "डॉक्टरनं पानी लई प्यायला सांगितलं, म्हनून आनली ती! उठा, भरा, आन् प्या!"

उठले. दोन तांबे प्याले. मग भाकरी मागितली, कळण्याची, ठेचा घेऊन. ठेच्याने काही झालं नाही. पाण्याने रात्रभर उठले आणि मला पण झोपू दिलं नाही.

गाव हसतं आहे. तुम्ही पण हसा.

पण अक्का, पाण्याचे माठ घरात चांगले आहेत. वनाने विचारलं, "एकच ना बेबाबाई, दरसालसारखी?" आणि माझ्या तोंडून एक निघेना. दोन उचलल्या आणि चालायला लागली. का उचलल्या ते मी अजून माझं मलाच विचारलं नाही. डॉक्टरने मला वेगळं काही सांगितलेलं नाही, आईची शप्पथ. पाणी जास्त प्या असंही ते म्हणाले नव्हते. ते मी ओसरीत उभ्या उभ्या बनवलं.

आखाजी तेरा तारखेला आहे. तुम्ही माहेरी तेव्हाच येता, यंदा सोमवारीच या. मंगळवारी डॉक्टरकडे यांच्यासोबत मी जाणार. तिथे डॉक्टर बोलायला लागले की मला यांच्यावर ओरडता येणार नाही, आणि दुसरं मला काही येत नाही. तुम्ही नुसत्या माझ्या बाजूला बसा. भावाला सांगू नका मी बोलावलं. एवढ्या लवकर कशी आली विचारलं, तर बेबाशी भांडायला आली म्हणा. लगेच पटेल.

मी कधी नावाच्या आधी सौ. लावत नाही, आळस येतो. आज लावते आहे, आणि मोठं काढते आहे.

तुमची,
सौ. बेबाबाई