दादाची गाडी तापते

शेपर्टन, ९ फेब्रुवारी २०२५

ती. नीलिमा वहिनीस,
सलिलचा सा. न.

माझा फोन कालव्यात पडला म्हणून हे पत्र. पाण्यात पाय सोडून बसलो होतो, शर्टाच्या खिशात होता, वाकलो आणि गेला. सीझन संपेपर्यंत नवा घेणार नाही. फोन नसला की झोप किती येते! इथे सध्या पेअरची, म्हणजे नाशपातीसारख्या फळाची, तोडणी चालू आहे. पेअर झाडावर पिकत नाही, कच्चंच तोडावं लागतं, हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं. असो, मुद्दा वेगळा होता.

फोन पडायच्या आदल्या दिवशी तू पाठवलेला फोटो आला होता. दादाची नवीकोरी गाडी, आणि आई तिची ओटी भरतेय. हळदीकुंकू, नारळ, तांदूळ, ग्रिलच्या फटीत खोचलेला हिरवा खण. आई गाडीकडे बघून जशी हसतेय, तशी माझ्याकडे बघून कधी हसल्याचं आठवत नाही. माझी गाडी तर तिनं पाहिलेलीसुद्धा नाही. जुनी आहे, डाव्या दाराला दोरी आहे, पण माझी आहे.

आई डिसेंबरपासून तुमच्याकडे आहे. मला एक ख्रिसमसची दुपार मिळाली, त्यातही दादा तिला टीव्हीवर पुण्याच्या फ्लॅटचे प्लॅन दाखवत बसला होता. १५ मार्चला ती परत जाणार. मी कुठे राहतो, काय खातो, हे तिनं एकदा डोळ्यांनी बघावं एवढंच माझं म्हणणं आहे. नाहीतर पुण्यात जाऊन सांगेल की धाकटा भटकतोय. दादा पुढच्या शनिवारी नव्या गाडीतून आणतो म्हणालाय. नक्की आणा. मी खोली झाडली आहे.

दादाच्या गाडीला वाटून झाल्यावर काही लोभ उरला, तर इकडे धाडावा.

तुझा,
सलिल

---

ग्लेन वेव्हर्ली, १७ फेब्रुवारी २०२५

चि. सलिल यास अनेक आशीर्वाद.

तू वाट बघत बसला असशील, म्हणून तुझ्या बागेतल्या अजितच्या फोनवर निरोप ठेवला होता. मिळाला ना? आम्ही शनिवारी वेळेत निघालो होतो. वॉलन गावाच्या पुढे तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. फ्रीवेच्या कडेला दोन तास उन्हात. आईंनी तुझ्यासाठी पुरणपोळ्या केल्या होत्या, त्यातल्या दोन गाडी ओढून न्यायला आलेल्या टो-ट्रकवाल्यानं खाल्ल्या. त्याला फार आवडल्या.

तेव्हापासून तुझा दादा घरात नसल्यासारखाच आहे. या गाडीच्या मालकांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे. कुणाचा रेडिएटर गळतो, कुणाचं इंजिन बंद पडतं, सगळे तिथे रडतात. निनाद त्यांचा पुढारी झालाय. ऑफिसात कधी चढवला नसेल एवढा आवाज तिथे चढवतो. डीलरनं पुढच्या आठवड्यातली तारीख दिली आहे, तोवर गाडी नुसती ड्राइव्हवेत उभी आहे.

आई रोज विचारतात की सलिलकडे कधी जायचं. मी काय सांगू?

नीट जेवत जा. लोभ आहेच, तो मोजत बसू नकोस.

तुझी वहिनी,
नीलिमा

---

शेपर्टन, २२ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनीस,
सलिलचा सा. न.

निरोप मिळाला, पण संध्याकाळी. तोवर मी गेटपाशी बसून होतो. अजित इथल्या लोकांसारखं म्हणाला, मेट, सावलीत तरी बस. बसलो नाही.

दादाची गाडी तापली हे वाचून वाईट वाटलं. खरं सांगतो, आधी बरं वाटलं, मग वाईट वाटलं, आणि मधे पुरणपोळ्यांचं वाटलं. तो टो-ट्रकवाला माझ्या स्वप्नात येतो.

दादाला सांग, माझी गाडी रोज तापते आणि मी कुठल्या ग्रुपवर जात नाही. रेडिएटरला बारीक चीर आहे, मागच्या सीटवर पाण्याचे कॅन असतात. काटा चढायला लागला की हीटर फुल करायचा आणि काचा उघडायच्या. इंजिनची उष्णता आत येते, आपण शिजतो, गाडी वाचते. भर उन्हाळ्यात हीटर लावून जाताना शेजारच्या गाडीतली माणसं अशी बघतात. एकदा सिग्नलला एका बाईनं मला थंड पाण्याची बाटली दिली होती. बेंडिगोत. की बॅलरॅटला? मी तेव्हा द्राक्षांच्या मळ्यावर होतो, म्हणजे दोन्हीकडे नसणार.

मी येऊन आईला नेऊ का? दादाला विचार. विचारताना माझ्या गाडीला डबा म्हणू देऊ नकोस.

चारचाकी लोभ तिकडे राहू दे, आम्हाला पायी आलेलाही चालेल.

तुझा,
सलिल

---

ग्लेन वेव्हर्ली, १ मार्च २०२५

चि. सलिल यास अनेक आशीर्वाद.

बस, मग वाच. वर्कशॉपमध्ये गाडीचा पुढचा बंपर काढला. आत रेडिएटरवर आईंचा हिरवा खण सपाट चिकटलेला. ग्रिलमधून आत ओढला गेला होता. हवाच जात नव्हती, म्हणून तापत होती. बाकी गाडी ठणठणीत. मेकॅनिकनं खण घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत दिला आणि हे नक्की काय आहे म्हणून विचारलं. निनाद म्हणाला, कापड.

ग्रुपवर त्यानं एवढंच लिहिलं की बाहेरची वस्तू अडकली होती. तिथले लोक म्हणतायत की कंपनीनं याला गप्प केलं.

पण आईंनी फार मनाला लावून घेतलंय. आपल्या हातानं लेकाच्या गाडीचं वाईट झालं, म्हणतात. आता विमानतळापर्यंत कुठल्याच गाडीत बसणार नाही, ट्रेननं जाईन, हा हट्ट. निनाद त्यांना एका शब्दानं बोलला नाही. रात्री मात्र मला म्हणाला, मी एवढी गाडी घेतली, त्यावर आईनं विचारलं काय, तर सलिलच्या गाडीला एसी आहे का. ती जेवताना सलिल, भाजी चिरताना सलिल. मी रोज समोर असतो म्हणून मी दिसत नाही का? फक्त तूच दादावर जळतोस असं तुला वाटत असेल, म्हणून त्याचं हे बोलणं तुला सांगितलं.

तू ये. त्या तुला नाही म्हणणार नाहीत, आणि दादाचा राग नेमका त्याचाच आहे.

माया दोघांनाही सारखी आहे, पण ते मी सांगून तुम्हाला पटणार नाही.

तुझी वहिनी,
नीलिमा

---

शेपर्टन, १० मार्च २०२५

ती. वहिनीस,
सलिलचा सा. न.

आईनं माझी खोली बघितली, एक रात्र राहिली, आणि काल तिला तुमच्याकडे सोडून परत आलो. तू किचनमध्ये होतीस, दादा समोर होता, नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो.

शनिवारी तुमच्या दारातून आई माझ्या गाडीत बसली तेव्हा दादा खिडकीपाशी वाकला आणि आईच्या सीटचा पट्टा ओढून बघितला. मग परत ओढून बघितला. मला म्हणाला, सावकाश ने. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

सीमूरच्या पुढे काटा चढला. मी हीटर फुल केला. आईनं पदर डोक्यावरून घेतला. मग स्वतःच म्हणाली की मी जन्मलो तेव्हा दादानं दोन दिवस जेवण सोडलं होतं, याला दवाखान्यात परत देऊन या म्हणून. मी इतका हसलो की एक्झिट चुकलो. नागांबीच्या जवळ वाफच निघाली. मी गाडी एका गमट्रीखाली, म्हणजे इथल्या निलगिरीखाली, घेतली. आईला वाटलं, परत आपलाच हात लागला. मी म्हटलं, आई, ही तू यायच्या आधीपासूनच बिघडलेली आहे. तेव्हा तिचा चेहरा खुलला.

मग आम्ही तिथेच. तिनं डबा उघडला. मी कुठे कुठे राहिलो ते सगळं विचारलं, पार डार्विन शहरापासून. डिग्रीचं काही नाही, लग्नाचं काही नाही. काकाकुवांचा थवा समोरच्या शेतात उतरला, तर म्हणाली, एवढे पांढरे आणि एवढे भांडकुदळ. तिथे बसल्यापासून दादाचं नाव एकदाही आलं नाही. मी लक्ष ठेवून होतो.

रेडिएटरचं झाकण गार झालं, पाणी भरलं. गाडी निघण्याजोगी कधीच झाली होती. आई बॉनेटला पाठ टेकून उभी होती. तिनं विचारलं, निवली का रे? मी म्हणालो, अजून जरा वेळ लागेल.

ती बॉनेटवरून हात फिरवत म्हणाली, लागू दे.

दादाला सांगायचं की नाही ते तू ठरव. या खेपेला लोभ मागत नाही, आहे तो पुरेल.

तुझा,
सलिल