यूपीएस खाली दिला आहे

भूषण,

टेबलावरची तुझ्या गेमिंग कॉम्प्युटरची यादी वाचली. ग्राफिक्स कार्ड चांगलं निवडलंयस, बजेटचा मोठा भाग त्यात गेला हेही समजू शकते. मग रंगीत दिव्यांचे पंखे घेतलेस आणि पॉवर सप्लाय मात्र कॅबिनेटसोबत फुकट मिळेल तो. आपल्या बाबांनी नोकरीभर सरकारी क्वार्टर्सची वायरिंग तपासली, आणि त्यांच्या मुलाची ही निवड. पंखे काढ, धड पॉवर सप्लाय घे.

शेवटी लिहिलंयस, 'यूपीएस घरचा आहे.' तो बाबांच्या ऑक्सिजन मशीनसाठी आणला होता. लाईट गेली की वाजायला लागायचा आणि मी सिलिंडर जोडेपर्यंत मशीन चालू ठेवायचा. तो आवाज तुला आठवणार नाही. हेडफोन तुझे उत्तम आहेत, ते बदलू नकोस.

यूपीएस मी खाली शैलामावशींना देऊन आले. काकांना काल हिंदूराव हॉस्पिटलमधून घरी सोडलं, त्यांनाही तेच मशीन लागलंय. परत मागायला जाऊ नकोस.

मी भंतेजींना बाबांच्या रविवारच्या पुण्यानुमोदनाचं सांगायला चाललेय. तोवर तुझ्या मॉनिटरचं खोकं बाबांच्या फोटोसमोरून हलव. वरण गॅसवर आहे, गरम करून घे.

यूपीएस हवा असेल तर नवा आण. नाही आणलास तरी बिघडत नाही. लाईट गेली तर तुझा खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतो.

लुंबिनी