पांढऱ्या उंदरांची शिकवणी

जालना,
चैत्र वद्य सप्तमी, रविवार
(तुमच्या ऑफिसच्या भाषेत १५ एप्रिल २००१)

भोकरदननिवासी, संस्थेचे सचिव आणि आमच्या अक्काचे यजमान काकासाहेब दाजी यांच्या चरणी भुजंगचा डाव्या हाताचा नमस्कार पोचावा. (उजव्याचं काय झालं ते पुढे येईल, अक्षर वाकडं आहे त्याचंही कारण तेच.) अक्काचा गुडघा कसा आहे? तिनं पाठवलेल्या ज्वारीच्या पापड्या संपल्या. कळवायचं कारण एवढंच, की डबा तुमचा आहे आणि तो रिकामा घरात ठेवणं मला बराबर वाटत नाही.

दोन महिन्यांमागे तुम्ही मला आपल्या फार्मसी कॉलेजच्या प्राणी-नीती समितीवर घेतलंत. उंदरा-सशांवर औषध तपासायचं तर आधी समितीची मंजुरी लागते, आणि समितीत शास्त्रज्ञ नसलेला एक तरी माणूस लागतो. असा माणूस शोधायला तुम्हाला लांब जावं लागलं नाही. बावीस वर्षं पोरांकडून संस्कृत शब्दरूपं घोकून घेणारा, विज्ञानातलं बिलकुल न कळणारा आणि वर बायकोचा सख्खा भाऊ, तेव्हा सही डोळे मिटून करील, असा तुमचा अंदाज असावा. नावाकडे मात्र तुमचं लक्ष गेलं नाही. उंदरांच्या कल्याणासाठी तुम्ही भुजंग नेमलात.

मंग तीन दिवसांचं प्रशिक्षण आलं. अकरा प्राध्यापक आणि बारावा मी. प्राणी ठेवावा कसा, धरावा कसा, कमीत कमी किती वापरावे आणि त्यांना कमीत कमी त्रास कसा होईल, हे शिकून परीक्षा द्यायची. ज्याच्याजवळ प्रमाणपत्र नाही त्याला एक मेपासून प्राणीगृहात पाऊल टाकता येणार नाही, असा तुमच्या सहीचा आदेश दारावर लागला. (त्या दिवशी कामगार दिन असतो, हे मी आपलं सहज नोंदवून ठेवतो.) त्या दारामागे म्हस्कू नऊ वर्षं उंदरांचं दाणापाणी करतो. जाफराबादकडचा, बापजाद्यांची मेंढरं, स्वतः चौथी पास. प्रशिक्षणाच्या अर्जात बारावीची अट, त्यामुळे यादीत त्याचं नाव नाही. त्याच्याकडे काम दिलं चहाचं आणि पिंजरे उचलून आणण्याचं. आम्ही त्या दारातून आत कसं जायचं ते शिकत होतो आणि तो बाहेर जायची तारीख धरून बसला होता.

शिकवायला बाहेरून पशुवैद्य डॉ. गिरिजाबाई आल्या होत्या. मी खरं तर हसायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू. पण पहिल्याच तासाला बाई म्हणाल्या, घाबरलेल्या जनावराचं रक्त तपासलं तर भीतीचा आकडा हाती येतो, औषधाचा येत नाही. हे वाक्य मी वहीत दोनदा उतरून घेतलं. इतक्या कमी शब्दांत इतका अर्थ मी सूत्रग्रंथांतच पाहिलेला, आणि तिथेही भाष्य लागतं.

दुसऱ्या दिवशी अर्ज भरायचा सराव होता. तुमचे पुतणे डॉ. सर्जेराव यांनी आपल्या प्रयोगाला साठ उंदीर मागितले. साठच का, असं विचारणं माझं कर्तव्य, कारण मला एवढंच विचारता येतं. ते म्हणाले, खरे तीसच पुरतात, पण मागच्या वैशाखात मधल्या आठवड्याचे आकडे विचित्र आले, म्हणून या वेळी दुप्पट घेतो. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन दारात उभा असलेला म्हस्कू हळूच म्हणाला, "सर, त्या आठ दिवसात मी न्हवतो. बहिणीच्या लग्नाला गेल्तो."

सगळे त्याच्याकडे पाहू लागले तसा तो बिचारा ट्रेसकट मागे सरकला. बाईंनी धीर दिल्यावर उलगडा झाला. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी ऊन थेट सर्जेरावांच्या पिंजऱ्यांच्या मांडणीवर येतं, आणि मांडणीवर तर सरांची चिठ्ठी, हलवू नये. म्हणून हा रोज दोन वाजता पोतं भिजवून खिडकीला लावतो आणि संध्याकाळपर्यंत आणखी दोनदा भिजवतो. त्याला हे सांगितलं कुणी? कुणीच नाही. पाण्याच्या बाटल्या तोच भरतो, आणि तिथल्या बाटल्या लवकर रिकाम्या होतात हे त्यानं पाहिलं होतं. सर्जेरावांनी रजिस्टर काढलं. तारखा जुळल्या. त्यांनी, मोठ्या मनानं म्हणावं लागेल, साठ खोडून तीस लिहिले. तीस जीव एका ओल्या पोत्यानं वाचले, दाजी. अहिंसेवर मी आजवर जेवढी व्याख्यानं दिली त्यांनी एक डाससुद्धा वाचलेला नाही.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. पिंजऱ्यातून उंदीर उचलायचा, वजन करायचं, परत ठेवायचा. म्हस्कू एकेक पिंजरा आणी, उंदराच्या पाठीवरून बोट फिरवी आणि पुढे करी. पहिले पाच जण झटपट पास. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हस्कूला दाराबाहेर उभं राहायला सांगितलं. सहावा मी. यापुढचं वर्णन करायला माझ्याजवळ उजवा अंगठा नाही. माझ्या मागून आलेल्यांपैकी एक प्राध्यापक स्टुलावर चढले, एकांचा उंदीर तराजूखाली गेला, आणि पास झालेल्या पाचांना बाईंनी पुन्हा बोलावलं तर तेही नापास.

मंग बाईंनी दार उघडून म्हस्कूला आत घेतलं, खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "आता तुम्ही शिकवा." तो खुर्चीवर काही बसला नाही. पण दुपारभर एकेकाच्या मागे उभा राहिला. मला म्हणाला, "गुरुजी, तुम्ही दाबून राह्यले. धरा नुसतं. आधी त्याला हाताचा वास तर घेऊ द्या, वळख न्हाई पाळख न्हाई." सर्जेराव त्याला अहो-जाहो करू लागले. संध्याकाळी आम्ही बाराच्या बारा जण पास झालो. (मी डाव्या हातानं.) म्हणजे एक तारखेपासून मला आत जाता येईल. मला शिकवणाऱ्याला नाही.

बाकी इकडे सर्व क्षेम. अक्काला नमस्कार, आणि गुडघ्याला जपायला सांगा.

तुमचा,
भुजंग

ता. क. सोबत एक प्रमाणपत्र जोडलं आहे. बाईंची सही झालेली आहे, नावाची जागा कोरी आहे. बारावीची अट सरकारची नसून आपल्या संस्थेच्या अर्जातली आहे, असं त्यांचं म्हणणं. सचिवांनी एक रेघ मारली की काम होतं. पेन तुमच्या खिशात असतंच.

ता. क. २. सर्जेरावांच्या तीस उंदरांचा अर्ज माझ्या सहीसाठी इथे पडून आहे. अंगठा अजून दुखतो. रेघ मारल्याचं कळलं की तो लगेच बरा होईल, असं मला आतून वाटतं.

ता. क. ३. हे पत्र मी लिहितोय, हे म्हस्कूला माहीत नाही. त्यानं स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. परीक्षेच्या दिवशी निघताना एवढंच विचारलं, की एक तारखेनंतर दोन वाजता पोतं कोण भिजवणार. तोच प्रश्न मी तुम्हाला विचारतो.