चोखण्यांचं झाड

३ ऑगस्ट, सोमवार

पहिला दिवस. गुडघे गेले! बालवाडीतल्या खुर्च्या माझ्या मुठीएवढ्या. डोर्ते म्हणते, मुलांशी बोलताना खाली बसायचं, त्यांच्या डोळ्यांसमोर डोळे यायला हवेत. डोर्ते इथली मुख्य. वय चौतीस. बोलते अशी, जणू हातात काठोकाठ भरलेलं दूध आहे. मी बावन्न. कारखान्यात हेरिंग मासे कापण्यात जन्म गेला — तिथं यंत्रांच्या आवाजावर ओरडावंच लागतं. कारखाना बंद पडला. शाळा मी कशीबशी रेटलेली, पुस्तक आजही अंगावर येतं. मला कोण घेणार? यांनी घेतलं. तीन महिने बघणार. जमलं तर कायम, आणि वर शिक्षिकेच्या शिक्षणालाही पाठवणार. मला! शिक्षिका!

एका पोराने विचारलं, "योना, तुला मुलं किती?" म्हटलं, एकही नाही. "मग तू इथं कशाला आलीस?"

बरोबर आहे त्याचं.

७ ऑगस्ट

आस्टा नावाची पोर. तीन वर्षांची, तोंडात रबराची चोखणी ठेवूनच बोलते. एक अक्षर कळेना. मी ती ओढून काढली. "आता बोल!" — बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला. आणि मग जी किंचाळली!

डोर्तेने बाजूला घेतलं. "चोखणी कधीच ओढायची नाही, योना. मुलं ती स्वतः देतात. झाडाला."

अंगणात सफरचंदाचं जुनं झाड आहे, त्यावर रिबिनी बांधून ढीगभर चोखण्या लोंबताहेत. गावातली सगळी पोरं इथंच देतात म्हणे. शिक्षिकेने विचारायचं, "स्वतःहून देतेस ना?" मूल हो म्हणेपर्यंत थांबायचं. मग त्यानेच बांधायची, सगळ्यांनी झाडाला टाटा करायचा आणि गोड पाव खायचा.

"आणि नाही म्हणालं तर?"

"तर उद्या."

उद्या! कारखान्यात आम्ही मासे उद्यावर ठेवले असते तर सगळं गाव नाक धरून पळालं असतं.

२० ऑगस्ट, गुरुवार

फाटकाशी कोणी एक बाई आज परत आली. राखाडी कोट, हात खिशात, झाडाकडे बघत उभी. मागच्या गुरुवारीही होती. मी म्हटलं, "आत यायचं तर ये, नाहीतर फाटक सोड. पोरं बाहेर पळतील." ती "माफ कर" म्हणाली आणि गेली.

डोर्ते धावत आली. "अगं, विबेके ती! तिचा बेर्ट्राम इथं यायचा. मेंदूज्वराने गेला. मी यायच्या आधीची गोष्ट. त्याची चोखणी असणार झाडावर. ती बघायला येते."

हे आधी नाही सांगायचं कुणी?

१४ सप्टेंबर

आस्टाने दिली! दोनदा झाडापाशी जाऊन परत आली होती. डोर्ते तिसऱ्यांदाही तशीच थांबली, तोंडावर तेच हसू. माझे तळवे खाजत होते. मी असते तर पटकन बांधून मोकळी झाले असते.

दुपारी झोपताना पोर रडली. दुसरं कुणी जवळ नको, मीच हवी! माझा कान मुठीत धरून झोपली. मान अवघडली, कान लाल. हलले नाही.

१५ सप्टेंबर

आज पुन्हा कान.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

वादळ येतंय. झाडाची एक फांदी चिरलीय. डोर्ते म्हणाली, तेवढी छाट आणि तिच्यावरच्या चोखण्या दुसऱ्या फांदीला बांध. ती मीटिंगला गेली.

जवळून बघितलं तर शी! शेवाळ, मुंग्या, रबर काळं पडलेलं. म्हटलं, हे कुठं पोरांच्या डोक्यावर ठेवायचं? कात्री घेतली, सगळंच साफ केलं. पोतं भरलं, कचऱ्याची गाडी दारात आलेलीच होती. झाड कसं मोकळं झालं! चांगलं काम केलं म्हणून खुशीत घरी आले.

१९ ऑक्टोबर

पोरं झाडाखाली उभी. एकही रडलं नाही. रडली असती तर बरं. आस्टाने विचारलं, "माझी कुठंय?" मला खाली बसता आलं नाही. उभ्याउभ्याच म्हटलं, "मी टाकली."

तिने माझा कान धरला नाही आज.

डोर्ते ओरडलीही नाही. एवढंच म्हणाली, "विबेकेला तू सांगायचं."

२२ ऑक्टोबर, गुरुवार

विबेके आली होती. मी स्वयंपाकघरात भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी.

२८ ऑक्टोबर

नाही ठेवणार. डोर्तेचेच डोळे भरले, मलाच तिला कॉफी द्यावी लागली! "मन चांगलंय तुझं. पण तू विचारत नाहीस, योना. करून टाकतेस."

काय बोलणार? खरंय. परवा शेवटचा दिवस.

वाटलं नव्हतं इतकं लागेल. कारखाना सुटला तेव्हा कुठं रडले होते?

२९ ऑक्टोबर, गुरुवार

फाटकाशी गेले. सांगितलं. "विबेके, मी कापल्या त्या. सगळ्या. तुझ्या बेर्ट्रामचीही गेली." तिने उघड्या झाडाकडे बघितलं. खूप वेळ. खिशातला हात नुसता वळवळला. मग गेली.

दोन शिव्या तरी घालायच्या होत्या बाई.

३० ऑक्टोबर

विबेके आज आली, शुक्रवार असून. फाटक उघडून थेट झाडापाशी. खिशातला हात मी पहिल्यांदाच बाहेर बघितला. मुठीत निळी चोखणी, रिबिनीसकट.

"त्याची इथं कधी लागलीच नव्हती. वाढदिवसाला लावणार होतो. दर गुरुवारी घेऊन येते, झाडावर जागा नाही म्हणते मनाशी, परत नेते. आता ते निमित्तही तोडलंस तू."

डोर्ते आत होती. मीच विचारलं, "स्वतःहून देतेस ना?"

मी थांबले. आस्टा येऊन माझ्याशेजारी उभी राहिली, टाटा करायला हात वर करून. बाकीची पोरं एकेक करून घरी गेली. आस्टाचा हात दुखला, तिने दुसरा वर केला.

शेवटी विबेके म्हणाली, "उद्या."

म्हटलं, बरं.

उद्या शनिवार. बालवाडी बंद, माझी नोकरीही नाही. मी जाणार.