रेडिओ काय बोलला

आई, हे पत्र मी कुठेही टाकणार नाही. तुला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली, आणि पत्ता काय लिहायचा हा प्रश्न तर आपल्या दोघींमध्ये फार जुना आहे. शाळेतून निवृत्त होताना आणलेल्या एका हजेरीपुस्तकाची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं हेही माझ्या लक्षात आहे. तुला वाचून दाखवणारी मीच होते, तेव्हा लिहिणारीही मी आणि वाचणारीही मीच. तरी लिहितेय, कारण गेले काही दिवस माझ्या डोक्याचा नुसता भुगा झालाय आणि तुझ्याशिवाय कुणाला विचारावं ते कळत नाही.

झालं असं की पुन्हा युद्धाचं वातावरण झालं. डहाणूत भोंगा वाजवून सराव झाला, दिवे घालवायला सांगितले, आणि टीव्हीवर चार माणसं एकाच वेळी ओरडायला लागली. मला त्यातलं काही समजेना. त्याच सकाळी तलासरीच्या एका पाड्यावरची मुलगी दारात येऊन उभी राहिली. मुलगी म्हणते खरी, पण ती आता दोन पोरांची आई आहे. मी तिकडच्या शाळेवर होते तेव्हा चौथीपर्यंत माझ्या हाताखाली होती. आता बोर्डीकडच्या वाडीत चिकू निवडायला जाते आणि नवरा तिकडे गुजरातेत ओख्याच्या बंदरात बोटीवर खलाशी आहे, आपल्या बाबांसारखाच. हायवेवर अच्छाडच्या धाब्यावर तिचा भाऊ काम करतो, त्याला कुणा ट्रकवाल्याने फोनवर एक बातमी पाठवली होती, ती त्याने हिला पाठवली. तिने फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "बाई, ह्यात लिवलंय बोट बेपत्ता. बेपत्ता म्हंजे काय?"

आई, मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. चोपन्न वर्षांनी तोच शब्द, तोच समुद्र, आणि पुन्हा मलाच विचारणारी एक बाई. मी तिला आत बसवलं आणि उगाचच साखरेचा डबा शोधत राहिले.

एकाहत्तर सालचा तो दिवस तुला आठवत असेल का? मला तो तुकड्यातुकड्यांत आठवतो आणि दर वेळी तुकडे वेगळे लागतात. आपल्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर ट्रान्झिस्टर ठेवलेला असे. बाबांनी आदल्या वर्षी ओख्याहून आणलेला, चामड्याच्या खोळीतला. त्याची तार तू खिडकीतून बाहेर काढून बोंबील सुकवायच्या बांबूंना बांधली होतीस, त्यामुळे बोंबील काढताना जरा धक्का लागला की बातम्या बंद पडत आणि तू त्या बोंबलांना शिव्या घालायचीस. बाबा नारळी पौर्णिमेनंतर बोटीवर गेले होते. युद्ध सुरू झालं आणि सगळी आळी आपल्या घरात यायला लागली, कारण आळीत रेडिओ एकच होता.

आणि रेडिओ मराठीतच बोलायचा, पण तुम्हा कुणाला तो कळायचा नाही. म्हणून मी होते. मी सातवीत. बातम्या संपल्या की तू मान वळवून म्हणायचीस, "काय बोलला गो?" आणि मी मराठीतून मराठीत भाषांतर करायची. 'शत्रूच्या ठाण्यांवर प्रखर मारा करण्यात आला' असं तो बोलला की मी सांगायची, "आपल्या लोकांनी त्यांना चोपलं." 'जनतेने अफवांवर विश्वास ठेवू नये' याचं मी "मावशीचं काय ऐकू नका" असं केलं, तेव्हा शेजारची मावशी सोडून सगळी आळी हसली होती. मला त्याची काय ऐट होती, आई! एरवी मोठ्या बायका मला पाणी भरायला पिटाळायच्या, पण बातम्यांच्या वेळी माझ्यासाठी पाट रिकामा ठेवायच्या.

त्या दिवशी सकाळपासूनच गोंधळ होता. मुंबईचं केंद्र खरखरत होतं आणि समुद्रापलीकडचं शत्रूचं स्टेशन पाण्यावरून कसं लख्ख येत होतं. तिथला माणूस गुजरातीत सांगत होता की मुंबई अर्धी जळाली, बंदरं पेटली. आपण दोघींनी खिडकीतून दक्षिणेकडे पाहिलं, तर आभाळ नेहमीसारखं. तू मला दुकानात पाठवलंस. शेठने तराजू खाली ठेवला आणि म्हणाला, "बधुं खोटुं, बेन. सगळं खोटं. मी आत्ता मुंबईला फोन केला." मग दुपारी कुणीतरी सांगितलं की शेठच्या दुकानात फोनच नाही. म्हणजे खरं काय होतं? मुंबई जळाली नव्हती हे आता मला माहीत आहे, पण शेठने आपल्याला धीर यावा म्हणून थाप मारली की त्याची स्वतःचीच समजूत घातली, हे अजून माहीत नाही. तू भाकऱ्या थापत होतीस आणि मधूनच हात थांबवून मला विचारत होतीस, "तू सांग ना, कोण खरं बोलतो?" जणू मला माहीत असणार होतं.

संध्याकाळच्या बातम्यांना घर भरलं. निवेदक बोलला, 'सौराष्ट्राच्या किनाऱ्यानजीक मासेमारीसाठी गेलेल्या काही नौका बेपत्ता असल्याचे समजते.' तू वळलीस. "काय बोलला गो?"

मला तो शब्द माहीत नव्हता. खरंच नव्हता. पण सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी तो सोडवला. बे म्हणजे नसलेला. पत्ता म्हणजे पाकिटावर लिहितात तो. मी म्हटलं, "काही बोटींचा पत्ता त्यांच्याकडे नाय."

तू हसलीस. खळखळून हसलीस, पीठ लागलेला हात कपाळाला लावून. "अगो, दर्यात बोटीला कसला पत्ता असायचा! घर क्रमांक काय? गल्ली कुठली?" आणि सगळी आळी हसली. त्या दिवसातलं तेवढंच हसणं. नंतर तू मला तळलेल्या बोंबलाचा एक तुकडा जास्त वाढलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गुरुजींना विचारलं. ते फळा पुसत होते. म्हणाले, "बेपत्ता म्हणजे सापडत नाही तो. कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही." मी विचारलं, म्हणजे जिवंत नाही? ते म्हणाले, "तेही माहीत नाही. म्हणूनच तर बेपत्ता." मी मधल्या सुट्टीतच घरी निघाले. वाटेत काय काय ठरवलं होतं ते आता आठवत नाही, पण धावत होते हे आठवतं.

आपलं घर आळीत पहिलं. दारात वही घेऊन एक सरकारी माणूस उभा होता, सायकल भिंतीला टेकवलेली. तू उंबरठ्यावर कोलंबी सोलत बसली होतीस आणि तीन-चार बायका भोवती. तो बाबांच्या बोटीचं नाव घेऊन म्हणाला, "बेपत्ता माणसांची यादी करतोय. ह्या घरातला एक आहे ना?"

आणि तू म्हणालीस, "बेपत्ता कशाला? त्याचा पत्ता हाय ना! हा काय, इथंच. लिव." आणि तू त्याला घराचा पत्ता सांगितलास. खाडीकडची आळी, पहिलं घर, दाराशी चिंच. तो गोंधळला. त्याला वाटलं माणूस घरी परत आलाय. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "खरं काय गं? आला का बाप तुझा? पत्ता लागला?"

मी मान डोलावली. त्याने वहीतल्या ओळीवर रेघ मारली आणि तो पुढच्या घराकडे गेला.

थोड्या वेळाने तिसऱ्या घरातल्या काकीचा टाहो ऐकू आला. तिचा नवरा त्याच बोटीवर होता आणि तिने बहुतेक त्या माणसाला सरळ अर्थ विचारला असेल. तू आळीत कुणाचं मूल पडलं तरी धावत जाणारी. त्या दिवशी तू उठली नाहीस. आत गेलीस आणि रेडिओचा आवाज वाढवलास. कसलं तरी समूहगान लागलं होतं. मी तुझ्या पाठीकडे बघत उभी राहिले. तो माणूस अजून आळीच्या टोकाला सायकलची चेन बसवत होता, मी धावले असते तर सापडला असता.

इथेच माझं सगळं अडतं, आई. तुला कळलं होतं का? काकीचा आवाज तुझ्यापर्यंत पोचला नसेल हे मला पटत नाही. मग तू आवाज का वाढवलास? की बातम्यांची वेळ झाली म्हणून? त्या दिवसानंतर तू मला एकदाही विचारलं नाहीस, काय बोलला गो. माझ्यावरचा विश्वास उडाला म्हणून, की हवं होतं ते एकदा मिळालं म्हणून? काकीच्या बांगड्या वडीलधाऱ्यांनी काही महिन्यांत उतरवल्या. तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचे कागद झाले. बाबांचा कागद झालाच नाही, कारण ते कुठल्याच यादीत नव्हते. आणि तू मरेपर्यंत कुंकू लावलंस. कुणी टोचून बोललं की म्हणायचीस, "पत्ता सापडला की येईल." हसत म्हणायचीस. त्या हसण्याचा अर्थ मी आयुष्यभर पोरांना शब्दार्थ शिकवूनही लावू शकले नाही.

तू गेलीस तेव्हा अंगणात बायकांचं भांडण झालं, सवाष्ण म्हणून न्यायची की कशी. मावशी तेव्हा पार म्हातारी झाली होती. ती म्हणाली, "हिलाच विचारा. ती शिकलेली हाय." पुन्हा मीच! मी म्हटलं हिरवं लुगडं नेसवा. चूक केली की बरोबर?

तर गेल्या आठवड्यात त्या पोरीसमोर मी साखरेचा डबा हातात धरून उभी होते. मनाशी ठरवलं की या वेळी खरं सांगायचं. सांगितलं. बेपत्ता म्हणजे सापडत नाहीत, शोधतायत, काय झालं ते कुणाला माहीत नाही. ती रडली. मीही रडले, आणि मग तिला टमटममध्ये बसवून कचेरीत घेऊन गेले. तिथल्या माणसाने नाव, बोट, गाव लिहून घेतलं. पत्ता विचारला तेव्हा तिने पाड्याचा पत्ता सांगितला आणि मी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसले.

तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याचा फोन आला. सगळ्या बोटी दुसऱ्याच बंदरात बोलावून ठेवल्या होत्या आणि ह्या गृहस्थाचा फोन पाण्यात पडला होता. पुन्हा कचेरीत गेलो, नाव खोडलं. एक रेघ, आई. पण ती पोर माझ्यावर वैतागली. "बाई, तो केवढा तापला माज्यावर! मी मेलो म्हणून लिवून आलीस काय, बोलतो. तुमी तेवा थांब बोलल्या असत्या तर काय झालं असतं?" आणि जाताना मात्र माझ्या पाया पडली. आता यातून मी काय समजायचं? खरं सांगितलं तर शिव्या, आणि चुकीचं सांगितलं तेव्हा तू जास्तीचा बोंबील वाढलास.

एक गोष्ट मात्र मला नीट माहीत आहे, तेवढी सांगते. भावंडांना, पोरांना मी नेहमी सांगत आले की मी लहान होते, तुझं हसू मोडवलं नाही, तुझ्या बांगड्यांसाठी मान डोलावली. तसं नव्हतं. भोवती त्या तीन-चार बायका उभ्या होत्या, आणि काल मी सांगितलेला अर्थ चुकला होता हे मला त्यांच्यासमोर कबूल करायचं नव्हतं. माझा पाट गेला असता. एवढंच होतं ते.

म्हणून आता विचार मला. भाकरी थापताना मान वळवून विचारायचीस तसं विचार. रेडिओ बोलला, बोटी सापडत नाहीत. माणसंही सापडत नाहीत. त्यात आपली बोट आहे, आई.