लाकडी विमानाला वेल्डर

आमचे रुसलेले भावजी यांस,

वहिनीचा नमस्कार. तुम्ही माझ्याहून चार महिन्यांनी मोठे म्हणून नमस्कार, आणि वागण्याने लहान म्हणून सोबत आशीर्वादही पाठवते. जो लागू पडेल तो ठेवून घ्यावा, दुसरा परत पाठवायची तसदी नको. गुडघा कसा आहे? डावाच ना? इंजिनाखाली उकिडवं बसून बसून गेलेला गुडघा तो, वंगण घालून सुधारणाऱ्यातला नाही. माझं म्हणाल तर मी ठणठणीत. दात नाहीत, पण बोलायला अडत नाही. कान उत्तम आहेत, फक्त हल्ली त्यांना काम राहिलेलं नाही.

हे पत्र लिहितायत त्या खालच्या मजल्यावरच्या बाई. साहेबांनी सांगायचं आणि यांनी उतरवून घ्यायचं, असं कचेरीत चाळीस वर्षं केलंय. मी 'भावजी' म्हटलं की त्यांचा हात आपसूक 'महोदय' लिहायला जातो. मी बोलते तसंच लिहायचं असं आमचं ठरलंय, तेव्हा चूक दिसली तर ती माझी, आणि कुठे फारच शुद्ध वाटलं तर समजा, मी पाणी प्यायला उठले होते. (हे लिहिताना बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. पण लिहिलं.) पत्राला कारण विशेष नाही. ह्यांची हत्यारांची पेटी आवरताना तुमचा एक पाना सापडला, तो तुमच्याकडे पोचावा एवढंच.

आता कागद उरलाच आहे तर विमानाची बातमी सांगते. आपलं व्हॅम्पायर हो, दोन शेपट्यांचं, विलायतेहून आलेलं, ज्याचं इंजिन तुम्ही सांभाळलंत आणि ज्याचं नाक ह्यांनी. अकरा वर्षांपूर्वी ते बागेत चबुतऱ्यावर ठेवलं तेव्हाच तुम्हाला तिथे शेवटचं नीट बघितलं. म्हणजे माइकसमोर बघितलं. 'इंजिन हाच विमानाचा प्राण, बाकी सगळं खोकं', असं तुम्ही म्हणालात, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या सुताराने टाळीसाठी उचललेले हात तसेच मांडीवर ठेवले. घरी येईपर्यंत एकच शब्द बोलले, 'खोकं'. जेवताना एकदा बोलले. झोपेत कूस बदलताना पुन्हा. सव्वीस वर्षं एका डब्यातून खाल्लेले दोन पुरुष एका खोक्यावरून बोलायचे थांबले, आणि मला अडाणी म्हणतात!

मी रोज त्या बागेत जाते. पाय मोकळे करायला जाते असं सगळ्यांना सांगते, पण मुक्काम विमानाच्या नाकासमोरच्या बाकावर. कुणी शेजारी टेकलं की त्याची सुटका नाही. बघा, याच्या पुढे पंखा नाही, म्हणून जमिनीपासून उंच राहायची गरज नाही, म्हणून पाय असे आखूड. ते मीटिअर असतं त्याला दोन इंजिनं, दोन पंखांवर एकेक, याला एकच, पाठीमागे. आणि अगदी याच्यासारखंच, पण पंख पातळ आणि पंखांच्या टोकाला इंधनाच्या टाक्या दिसल्या तर ते व्हेनम, याची धाकटी बहीण. लोक विचारतात, आजी, शिकलात कुठे? मला अक्षर येत नाही, पण विमान येतं. संध्याकाळी हे ती जाड पुस्तकं काढायचे, चित्रावर बोट ठेवून वाचून दाखवायचे, आणि मी भाजी निवडत ऐकायची. सुरुवातीला कंटाळा यायचा, खोटं कशाला सांगू? मग एक दिवस मीच म्हटलं, काल मीटिअरवर थांबलो होतो. पुस्तकं अजून फळीवर आहेत. मी पानं उलटते. चित्रं सगळी ओळखीची आहेत, त्यांच्याखालच्या मुंग्यांच्या रांगा तेवढ्या आता काही बोलत नाहीत. (बाई, इथे थांबू नका, पुढे लिहा.)

तर, परवाच्या मंगळवारी बागेत जाऊन बघते तो विमानाला शिडी लावलेली. नाकाच्या डाव्या बाजूला पाणी मुरून ताटाएवढं भोक पडलं होतं, आणि ते बुजवायला बागेच्या अधीक्षकांनी बोलावलं कुणाला? वेल्डरला! सोबत पत्र्याचा गोल तुकडा कापून तयार. मी बाकावरून ओरडले, 'अहो, लाकूड आहे ते!' अधीक्षक माणूस गोड. खाली उतरून आला, माझ्यासमोर वाकला आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, 'आजी, हे जेट विमान आहे. जेट लाकडाचं असतं तर जळून नसतं का गेलं?' मी म्हटलं, 'आमच्या घरचे रोज त्याच्या पोटात शिरून बसायचे, एकदाही भाजून आले नाहीत.' तो हसला आणि परत शिडीवर गेला. म्हटलं, जा बाबा, मला कुठे घाई आहे.

पुढची दुपार फार सुंदर गेली, भावजी. तुम्ही हवे होतात. वेल्डरने तारेचा चिमटा विमानाच्या चाकाच्या पायाला लावला, तोंडावर मुखवटा ओढला, कांडी टेकवली. ठिणगी नाही. कांडी बदलली. ठिणगी नाही. यंत्राला लाथ घातली, मग यंत्र शिडीला लावून बघितलं, तर शिडीवर ठिणग्यांचा पाऊस, विमानावर ढिम्म. अधीक्षकांनी इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने खांबावरची पेटी उघडली, बोर्ड बदलला, सगळ्या बागेतली वीज घालवली आणि परत आणली. कारंजं बंद पडलं. अधीक्षक वहीत लिहू लागले की वीजपुरवठा सदोष आहे. तीन शहाणे पुरुष त्या नाकाभोवती उभे, आणि एकाच्याही मनात येईना की वाजवून बघावं. तुम्ही धातूची माणसं सगळी सारखीच. शेवटी मी उठले, काठी उचलली आणि नाकाला दोनदा ठोकलं. टक, टक. दारावर थाप मारल्यासारखा आवाज. वेल्डरने मुखवटा वर केला, रंग नखाने खरवडला, आत बघितलं आणि म्हणाला, 'साहेब, हे तर कपाट आहे.' खरं तर मला राग यायला हवा होता. पण खोक्यापेक्षा कपाट बरं, असं वाटून गेलं.

मग माझी सद्दी सुरू झाली. मी त्यांना सांगितलं, दोन बाजूंना प्लायवूड, मध्ये बाल्साचं हलकं लाकूड, सगळं सरसाने चिकटवलेलं, वरून कापड आणि रंग. पंख आणि शेपट्या मात्र धातूच्या. तेवढी तुमची बाजू मी मांडली, आमच्याकडे अन्याय नाही. अधीक्षकांनी कान पकडले आणि सुताराची शोधाशोध सुरू झाली. (मिळालाय एक. टेबलं करतो. मी बाकावरून लक्ष ठेवून आहे.) भोकाच्या कडेची सडलेली फळी काढली ती त्यांनी कचऱ्याच्या ढिगावर टाकली. ती मी मागितली. अधीक्षक म्हणाले, आजी, सरकारी मालमत्ता आहे, अशी देता येत नाही. कचरा म्हणून टाकता येते, पण देता येत नाही! शेवटी गेटपास झाला. 'एक नग, लाकूड, निरुपयोगी', असं त्यावर लिहिल्याचं त्यांनी वाचून दाखवलं, शिक्का मारला, मी अंगठा दिला. पदराखाली फळी घेऊन पहारेकऱ्यासमोरून अशी ऐटीत निघाले की बाकावरचे लोक उठून उभे राहिले. (एकच माणूस होता, आणि त्याला घरी जायचं होतं. पण उभा राहिला.)

एक गोष्ट मात्र सांगून टाकते, पाठीवर ओझं घेऊन किती फिरायचं? शेवटच्या आठवड्यात हे दोनदा म्हणाले होते, 'त्या इंजिनवाल्याला एक पत्र धाड गं.' मी म्हटलं, आधी त्यांनी धाडावं. मला वाटलं, अजून वेळ आहे. अंत्यविधीच्या दिवशी फाटकापाशी येऊन आत न येता परत गेलेला, डावा पाय ओढणारा माणूस कोण होता, ते मी विचारत नाही. मला काही दिसत नाही असं सगळे धरून चालतात.

बाकी क्षेम. पाना न्यायला सवडीने यावं. नाही आलात तरी चालेल.

तुमची वहिनी
(अंगठ्याचा डाग शाईचाच आहे, वंगणाचा नाही.)

ता. क. पाना तुमचा नसावा. ह्यांनी नवा विकत आणलेला होता, अजून कागदातच आहे. पण येण्याला काही तरी कारण द्यायला हवं, तुम्ही विनाकारण येणाऱ्यातले नाही.

आणखी एक ता. क. ती फळी मी उगीच आणली नाही. नाकाला ह्यांनी एकदा ठिगळ लावलं होतं, ते हेच. बंद करण्याआधी आतल्या बाजूला काही तरी लिहिलंय, असं त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाले होते. काय ते सांगितलं नाही. 'विमान मोडेल तेव्हा कळेल', म्हणाले. फळीच्या आतल्या अंगाला खरंच दोन ओळी आहेत. वरची जाड, सुताराच्या चपट्या पेन्सिलीची. खालची बारीक, निळी. निळी पेन्सिल कानावर लावून तेव्हा कोण फिरायचं, भावजी?

शेवटचं ता. क. लिहिणाऱ्या बाईंना हे आत्ताच कळलं. त्या म्हणतात, आणा इकडे, वाचून दाखवते. मी नको म्हटलं. त्या वाचतील ते कचेरीतल्यासारखं होईल. वरची ओळ तुम्ही ह्यांच्यासारखी वाचा, खालची तुमच्यासारखी. आणि एक बजावून ठेवते: वर नुसतं माप लिहिलेलं असेल तर मापच वाचा, मला बरं वाटावं म्हणून गोड काही जुळवू नका. त्या माणसाच्या मापांवर मी जन्म काढलाय. एक सूत इकडचं तिकडे झालं तरी मला कळेल.