चारी क्रमांक पाचवरच्या न झिजलेल्या टायरबाबत

प्रति,
मा. अध्यक्षा,
हिरवाई उपसा जलसिंचन सहकारी संस्था,
लासुर्णे, ता. इंदापूर, जि. पुणे.

अर्जदार : गेणबा ज्ञानदेव वाकसे, पाटकरी, चारी क्र. ३.

विषय : पाटकरी श्री. दादासाहेब खरात यांना बजावलेली नोटीस मागे घेणेबाबत, अर्जदाराचा स्वतःचाच तक्रार अर्ज रद्द करणेबाबत, आणि मागच्या चाकाच्या एका टायरबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा तक्रार अर्ज, दि. २० ऑगस्ट २०२५.
२) श्री. खरात यांना आलेली नोटीस, दि. १० नोव्हेंबर २०२५.

महोदया,

संदर्भ क्र. १ चा तक्रार अर्ज ज्याने केला, तोच अर्जदार आज उलटी विनंती घेऊन आपल्यापुढे उभा आहे. असे का झाले ते खाली क्रमाने मांडले आहे. मांडताना अर्जदाराची थोडी नाचक्की होणार आहे. ती त्याला मान्य आहे.

१. अर्जदार अठरा वर्षे संस्थेचा पाटकरी आहे. शेतांना पाण्याच्या पाळीप्रमाणे चारीची, म्हणजे छोट्या पाटाची, दारे उघडणे व बंद करणे हे त्याचे काम. चारीचा बांध अरुंद, त्यावरून मोटारसायकल जात नाही, म्हणून संस्था पाटकऱ्यास सायकल देते. जून २०१९ मध्ये श्री. दादासाहेब खरात चारी क्र. ५ वर रुजू झाले. त्या वेळी बारामतीच्या एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या दोन काळ्या सायकली आणल्या गेल्या. एक अर्जदारास मिळाली, एक दादासाहेबांस. दोघांत फरक एवढाच, की दादासाहेबांच्या नावातच 'साहेब' असल्याने लोक त्यांना पहिल्या दिवसापासून अदबीने हाक मारू लागले, आणि त्यांच्या आधीपासून चिखल तुडवणारा अर्जदार 'ए गेणबा'च राहिला. या बाबीचा विषयाशी थेट संबंध नाही. तरीही ती नमूद करणे अर्जदारास गरजेचे वाटते.

२. गेल्या सहा वर्षांत अर्जदाराच्या सायकलीचा मागचा टायर पाच वेळा व पुढचा तीन वेळा बदलावा लागला. पंक्चर मोजणे त्याने केव्हाच सोडले. बाभळीचा काटा असो, उसाचा खुंट असो की फुटकी बाटली, ती अर्जदाराच्याच चाकाची वाट बघत बसलेली असते. उलट दादासाहेबांचे दोन्ही टायर अजून पहिलेच. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. दादासाहेबांच्या टायरवर ते सहा वर्षांनीही शाबूत होते. चपलेचा अंगठा बसवण्याच्या मिषाने कार्यालयाच्या आवारात खाली बसून अर्जदाराने ते स्वतः हात लावून पाहिले आहेत.

३. जुलैत अर्जदाराने मागचा टायर पुन्हा मागितला, तेव्हा मा. सचिवसाहेबांनी "खरातांना जमतं ते तुम्हाला का जमत नाही? टायर खाता का काय?" असे विचारले. शेजारी चार सभासद बसले होते, ते हसले. तेव्हापासून गावात अर्जदारास टायरखाऊ म्हणतात. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर संस्थेच्या मालमत्तेची निगा राखल्याबद्दल दादासाहेबांना शाल-श्रीफळ देण्यात आले. त्यांच्या सायकलीलाही हार घातला. अर्जदाराची पत्नी सौ. कुशाबाई पुढच्या रांगेत बसून सर्वांपेक्षा जास्त वेळ टाळ्या वाजवत होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "वस्तू कशी वापरावी ते त्येंच्याकडनं शिका. ज्येचा टायर जातूय त्यो माणूसच आदळआपट्या." त्या दिवशी अर्जदारास जेवण गेले नाही. खोटे कशाला सांगावे, त्याचा जळफळाट झाला.

४. म्हणून २० ऑगस्टचा तक्रार अर्ज. दादासाहेब गुपचूप टायर बदलतात, त्याशिवाय हे शक्य नाही, असे त्यात लिहिले होते. पुरावा काहीही नव्हता. मा. सचिवसाहेबांनी चौकशी लावली आणि सप्टेंबर महिन्यापुरती दोघांच्या चाऱ्यांची अदलाबदल केली. चारी क्र. ५ वर पहिले आठ दिवस अर्जदारास एकही पंक्चर झाले नाही. सारी करामत रस्त्याचीच होती म्हणून तो गावभर सांगत सुटला. नवव्या दिवशी पंक्चर झाले, महिनाअखेर सहा झाली. तिकडे अर्जदाराच्या काटेरी चारीवर महिनाभर हिंडून दादासाहेबांचे चाक जसेच्या तसे. ऑक्टोबरात अर्जदार आपल्या चारीवर परतला, तर पुन्हा आठ दिवस पंक्चर नाही. याचा अर्थ त्याला तेव्हा लागला नाही. दादासाहेब सायकलीवर गोधडी पांघरतात असे ऐकून त्यानेही पांघरली. तीत उंदराने घर केले आणि पुढचा टायर कुरतडला.

५. शेवटी अर्जदाराने पाळत ठेवली. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो चारी क्र. ५ च्या कडेला उसात बसला. सहाच्या सुमारास दादासाहेब आले. सायकलीवर गवताचा भारा होता, आणि ते हँडल धरून चालत होते. पंक्चर झाले असे समजून अर्जदाराच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण टायर टणक होता. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी भारा नव्हता, तरी ते चालतच होते. मध्येच थांबून वाकत, काहीतरी उचलून लांब भिरकावत. अर्जदारास राहवले नाही. तो उसातून बाहेर आला आणि म्हणाला, "दादासाहेब, बसत का न्हाय सायकलीवर?"

दादासाहेबांनी मागे पाहिले, पुढे पाहिले. बांधावर तिसरे कोणी नव्हते. "आबा," ते म्हणाले, "मला येत न्हाय."

"काय येत न्हाय?"

"सायकल."

मग त्यांनी बांधावर बसून सगळे सांगितले. "घरात सायकल नव्हती. पोरांसंगं शिकायचं वय निघून गेलं, मग लाज वाटाय लागली. नोकरीच्या फारमावर इचारलं व्हतं, सायकल येती का? मी व्हय लिवलं. न्हाय लिवलं असतं तर कोण घेत व्हतं मला?" लोकांना संशय येऊ नये म्हणून सायकलीवर बहुधा भारा असे. भारा असला की माणूस सायकल ढकलणारच. पायी चालताना काटा दिसतो, तो ते वेचून टाकत. टायरला केस का, आणि दोन्ही चाऱ्यांवर पहिले आठ दिवस पंक्चर का नव्हते, हे अर्जदारास तेव्हा उमगले.

६. खरे कळल्यावर पोटातली आग विझेल असे अर्जदारास वाटले होते. ती विझली नाही. जाऊन-येऊन रोज बारा किलोमीटर हा माणूस सहा वर्षे पायी चालला. त्यासाठी घरून सव्वा तास आधी निघाला. आणि दार उघडायला एकदाही उशिरा पोहोचला नाही. अर्जदाराने बुडाखाली सायकल असून उशिराबद्दल चार लेखी ताकिदी घेतल्या आहेत. टायरपेक्षा हे जास्त झोंबले.

७. चौकशी समिती ३ नोव्हेंबरला येणार होती. सायकल चालवून दाखवा, असे समितीने म्हटले असते तर दादासाहेब भर गावात तोंडावर आपटले असते. ज्याचे वाईट व्हावे म्हणून अर्ज केला, त्याचे वाईट समोर दिसू लागताच अर्जदारास ते बघवेना. तो दादासाहेबांना म्हणाला, "उद्या सकाळी बाजाराच्या मैदानात या. मी शिकवतो."

शिकण्यासाठी अर्जदाराचीच सायकल वापरली, कारण आपली सायकल पाडायला दादासाहेबांचा जीव होईना. अर्जदार कॅरिअर धरून मागे पळत असे. पहिल्या दिवशी दोघेही पडले. तिसऱ्या दिवशी दादासाहेब मैदान सोडून गटारात गेले. "आबा, सोडू नगा!" असे ते ओरडत, आणि अर्जदार "न्हाय सोडत!" म्हणत कधीच सोडून दिलेले असे. आठव्या दिवशी त्यांनी मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. अर्जदारास सायकल शिकायला एक अख्खा उन्हाळा लागला होता आणि पुढचा एक दात गेला होता. इथेही दादासाहेबच पुढे. या आठ दिवसांत अर्जदाराचा मागचा टायर, जो आधीच अखेरच्या घटका मोजत होता, तो चिरला. विषयातील टायरची मागणी त्यामुळे आहे.

८. समितीपुढे दादासाहेबांनी कार्यालयाला झोकात फेरी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समितीतील संचालक खूश होऊन म्हणाले, "वा! सहा वर्षं अशीच चालवता काय?" एवढ्यावर 'व्हय' म्हणाले असते तर प्रकरण तिथेच मिटत होते. दादासाहेबांनी सायकल स्टँडवर लावली आणि म्हणाले, "न्हाय साहेब. आठ दिस झालं." मग सर्व सांगितले. पिशवीत घडी घालून आणलेली शाल टेबलावर ठेवली. म्हणजे ते घरूनच ठरवून आले होते. कोणी शिकवले असे विचारल्यावर त्यांनी अर्जदाराकडे पाहिले, पण नाव घेतले नाही. ते अर्जदार आज स्वतः देत आहे.

९. संदर्भ क्र. २ च्या नोटिशीत दादासाहेबांना, खोटी माहिती देऊन नोकरी मिळवल्याबद्दल कामावरून कमी का करू नये, असे विचारले आहे. माहिती खोटी होती, हे खरे. पण सायकल येत नाही म्हणून चारी क्र. ५ च्या एकाही शेतकऱ्याची पाळी चुकली आहे काय, हे नोंदवहीत पाहावे. तसे एकही उदाहरण निघाल्यास अर्जदार आपले शब्द मागे घेईल. आता तर त्यांना सायकल येतेही.

१०. एक ताजी घटना कळवणे भाग आहे. परवा बुधवारी दादासाहेब सायकल ढकलत अर्जदाराच्या दारी आले. मागचे चाक बसले होते. हल्ली ते सायकलीवरून जातात, त्यामुळे काटा दिसत नाही. "आबा, ह्येचं आता काय करत्यात?" त्यांनी विचारले. अर्जदाराने घमेल्यात पाणी घेतले, ट्यूब बुडवली, बुडबुडे निघाले. ते पाहून अर्जदारास झालेला आनंद त्याला लपवता आला नाही. त्याबद्दल तो दिलगीर आहे. सौ. कुशाबाईने दादासाहेबांना चहा दिला आणि म्हणाली, "मनाला लावून घिऊ नगा. जो चालवतो त्येच्याच चाकात काटा घुसतो." महोदया, हे वाक्य अर्जदाराने आपल्या कोणत्याही पंक्चरच्या वेळी ऐकलेले नाही.

सबब, दादासाहेबांची नोटीस मागे घ्यावी व अर्जदाराची तक्रार फाइलबंद करावी. शिक्षा कोणाला द्यायचीच असेल तर बिनपुराव्याचा आळ घेणारा अर्जदार हजर आहे. मात्र टायर त्याआधी मिळावा, कारण शिक्षा भोगायलाही कामावर वेळेत पोहोचावे लागेल.

आपल्या निकालाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,

(सही)
गेणबा ज्ञानदेव वाकसे
लासुर्णे, दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत : संदर्भातील दोन्ही कागदांच्या प्रती. नोटिशीची प्रत श्री. खरात यांच्या संमतीने.

कार्यालयीन शेरा, दि. १७ नोव्हेंबर २०२५ : नोटीस रद्द. तक्रार निकाली. मागचा टायर एक मंजूर, जुना जमा करून घ्यावा. यापुढे दर सोमवारी वाकसे व खरात यांनी दोन्ही चाऱ्या मिळून पायी चालाव्यात व काटे वेचावेत. त्या दिवशी सायकली कार्यालयात ठेवाव्यात.
अध्यक्षा